फूल माझं, बाटली त्याची : शॅम्पेन आणि चित्रकाराचं कोडं

पानगळ :
शॅम्पेन आणि चित्रकला यांना जोडणारं एक कोडं देते आहे. चार ओळी, दोन प्रश्न.

फूल माझं, बाटली त्याची.
नाव माझं, पण आधी दुसऱ्याचं.
भिंत ओली तोवर हात चालवला,
आता निजलोय त्याच्याच दारासमोर.
मी कोण? तो कोण?

"मी" जगप्रसिद्ध चित्रकार. "तो" एका शॅम्पेन घराण्याचा माणूस. घराण्याचं नाव ओळखलंत तर अर्धं उत्तर, माणूस सापडला तर पूर्ण. शोधयंत्र जरूर वापरा, पण कुठल्या ओळीवरून कुठे पोचलात ते लिहा. चारही ओळी एकाच माणसाला लागू पडायला हव्यात. तीन जुळल्या आणि एक ओढूनताणून बसवली, असं उत्तर धरणार नाही.

निळीशाई :
पहिल्या ओळीतच उत्तर आहे असं वाटतंय. एमिल गाले आणि पेरिए-जुए.

गाले नान्सी शहरातला काचकलावंत. एपर्नेच्या पेरिए-जुए घराण्यासाठी त्याने १९०२ मध्ये बाटलीवर पांढरी जपानी अॅनिमोनची फुलं काढली. कागदाचं लेबल नव्हे, थेट काचेवर एनॅमलचं काम. त्या बाटल्या पुढे कित्येक दशकं तळघरात पडून होत्या. १९६४ च्या द्राक्षांची 'बेल एपोक' १९६९ मध्ये आली तेव्हा तेच फूल तिच्या अंगावर चढलं आणि आजही आहे. शॅम्पेनच्या बाटलीवरचं फूल म्हटलं की जगात पहिलं नाव हेच निघतं.

फूल जपानी का, तर १८८५ च्या सुमारास नान्सीच्या वनविद्या शाळेत ताकाशिमा होक्काई नावाचा जपानी अभ्यासक आला होता, तो चित्रंही काढायचा. गालेचा आणि त्याचा चांगला परिचय होता.

पानगळ :
पहिली ओळ तंतोतंत बसते, म्हणून हे उत्तर सगळ्यात आधी येणार याची खात्री होती. पण उरलेल्या तीन ओळी? गाले १९०४ मध्ये वारला, दफन नान्सीलाच झालं, एपर्नेला नाही. ओल्या भिंतीवर त्याने काम केलेलं नाही. थंड.

द्राक्षवेल :
एक नियम आधी स्पष्ट करून घेऊ. "शॅम्पेन" म्हणजे कुठलीही फेसाळ वाइन की फक्त फ्रान्सच्या शाँपान्य प्रांतातली? आपल्याकडे नारायणगावला १९८० च्या दशकात फेसाळ वाइन बनू लागली, तिला तंत्रसाहाय्य रँसच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचं होतं आणि बाटलीवर नाव होतं ओमर खय्याम. बाटलीवर कलावंताचं नाव हा धागा तिथे जुळतो.

पानगळ :
शाँपान्य प्रांतातलीच. भौगोलिक संकेताचा नियम इथेही लावू. म्हणून नारायणगाव बाद, दिंडोरीची शांदोनही बाद. दोन्हींत फेस आणणारं दुसरं आंबवणं बाटलीत झालं असलं तरी. शिवाय खय्याम कवी आणि गणिती. मला चित्रकार हवा आहे.

तिरकी_रेघ :
शॅम्पेनशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते सगळे आधी एका ठिकाणी मांडते, म्हणजे पुन्हापुन्हा तीच नावं येणार नाहीत.

आल्फोन्स मुखा : रुइनारची जाहिरात १८९६, पुढे मोएट एट शांदोनसाठी १८९९ मध्ये. स्त्रीच्या केसांत, कपड्यांत फुलंच फुलं. पण ती भित्तिपत्रकावर आहेत, बाटलीवर नाहीत.

पिएर बोनार : 'फ्रान्स-शाँपान्य' हे १८९१ चं भित्तिपत्रक. पेल्यातून उसळणारा फेस आणि त्यावर झुकलेली मुलगी, तीन रंगांत. फूल नाही.

एदुआर माने : 'फोली-बेर्जेरचा बार', १८८२. संगमरवरी फळीवर सोनेरी कागद लावलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या, शेजारी पेल्यात दोन गुलाब. डाव्या कडेच्या बाटलीच्या लेबलावर त्याने स्वतःची सही आणि साल टाकलं आहे. म्हणजे "बाटली त्याची" न राहता मानेचीच झाली.

व्हिक्टर वासारेली : तेतँजेने १९७८ च्या द्राक्षांपासून चित्रकारांच्या बाटल्यांची मालिका सुरू केली, पहिली बाटली याची. भूमितीच भूमिती. फूल नाही.

अँडी वॉरहॉल : दों पेरिन्योंची बाटली त्याच्या रंगसंगतीत आली, पण त्याच्या मृत्यूनंतर. त्याने स्वतः काढलेलं फूल ते नाही.

मुतों रोथशिल्डची नावं आणू नका. पिकासो, दाली, मुंबईत जन्मलेला अनीश कपूर, सगळ्यांची चित्रं त्या लेबलांवर आहेत, पण ती बोर्दोची लाल वाइन. शॅम्पेन नव्हे.

आता युक्तीची गोष्ट. चौथी ओळ सगळ्यात लवकर तपासता येते, कारण चित्रकाराचं दफन कुठे झालं ही माहिती सहज मिळते आणि तिच्यात मतभेद क्वचित असतात. मुखा प्रागच्या विशेह्राद दफनभूमीत. बोनार दक्षिणेत ल कानेला. माने पॅरिसच्या पासीत. वॉरहॉल पेन्सिल्व्हेनियात. एकाच्याही समोर शॅम्पेनवाल्याचं दार नाही. सगळे बाद.

पानगळ :
पद्धत फार चांगली आहे. "निजलोय" म्हणजे दफन, हे बरोबर धरलंत. तेवढं आता नक्की समजा.

कुंचला :
मग तिसऱ्या ओळीकडे वळू. तिचा अर्थ नीट लावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. "भिंत ओली तोवर" म्हणजे खरं फ्रेस्को. सैल अर्थाने कुठल्याही भित्तिचित्राला आपण फ्रेस्को म्हणतो, अजिंठ्यालासुद्धा. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यात भुसा, तंतू घालून जाड थर दिलेला आहे, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. ते कोरड्या भिंतीवरचं काम. कोड्यातलं काम नेमकं याच्या उलट आहे.

ओल्या भिंतीचं काम असं चालतं. भाजलेला चुना पाण्यात विरवून महिनोन्महिने मुरवायचा. शेवटच्या थरासाठी साधारण एक भाग चुना, दोन भाग बारीक वाळू. हा थर काही मिलिमीटरच असतो आणि त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्याच जागेवर लावायचा. एका दिवसाच्या या तुकड्याला इटालियनमध्ये जोर्नाता म्हणतात. रंग फक्त पाण्यात वाटलेले, त्यात डिंक नाही की तेल नाही. गिलावा ओला असेतो, म्हणजे सहा ते आठ तास, रंग आत शिरतो. नंतर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होतो आणि रंगाचे कण तिच्यात कायमचे अडकतात.

बिघडतं कुठे, तेही सांगतो, कारण "तोवर हात चालवला" या शब्दांत ती घाई आहे. उशीर झाला की रंग वर बसतो, आत जात नाही, आणि पुढे भुकटी होऊन झडतो. शिशाचा सफेदा वापरला तर काळा पडतो. प्रशियन निळा चुन्याच्या दाहकतेत टिकत नाही. ओला असताना जो रंग दिसतो तो वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून आधी तुकडा वाळवून बघावा लागतो. आणि चुकलं तर पुसता येत नाही. तेवढा गिलावा छिन्नीने काढून नव्याने लावायचा.

सांगायचा मुद्दा : विसाव्या शतकात हे करणारे नामांकित चित्रकार मोजकेच. मेक्सिकोचे रिवेरा, ओरोस्को सोडले तर फ्रान्समध्ये शोधा.

द्राक्षवेल :
कुंचला, एक जाता जाता. भिंत तो वायू हवेतून ओढून घेते आणि घट्ट होते. बाटली तोच वायू कोंडून ठेवते. दुसऱ्या आंबवण्यासाठी लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घालतात. दर ४ ग्रॅम साखरेमागे एक बार दाब, म्हणजे बाटलीत सहा बारच्या आसपास. कोडं घालणाऱ्याने हे मुद्दाम केलं असेल का, असं वाटून गेलं.

पानगळ :
मुद्दाम केलेलं नाही. पण ऐकून फार आनंद झाला.

निळीशाई :
तिसरी आणि चौथी ओळ एकत्र वाचली तर : चित्रकाराने स्वतः भिंत रंगवलेली जागा, आणि तिथेच त्याचं दफन. झाँ कॉक्तो!

मिली-ला-फोरे गावातलं सँ ब्लेझचं छोटं चॅपेल त्याने १९५९ मध्ये रंगवलं. भिंतीवर औषधी वनस्पती, म्हणजे फुलंही आली. १९६३ मध्ये गेल्यावर पुढे त्याच चॅपेलमध्ये त्याला ठेवलं. "मी तुमच्यासोबत आहे" अशा अर्थाची फ्रेंच ओळ तिथे फरशीवर कोरलेली आहे. फूल आहे, भिंत आहे, निजणं आहे.

कुंचला :
जवळ आहे पण नाही. कॉक्तोच्या भिंतीवर रेघांचं काम आहे, ओल्या गिलाव्याचं नाही. मिली-ला-फोरे शाँपान्यमध्येही येत नाही. आणि नाव? कॉक्तो जन्मापासून कॉक्तोच.

याच वळणावर मातिसही येईल म्हणून आत्ताच काढून टाकतो. वाँसचं चॅपेल, १९५१. तिथे पांढऱ्या चकचकीत फरशांवर काळ्या रेघा आहेत, ओली भिंत नाही. आणि मातिसचं दफन नीसच्या सिमिए भागात आहे.

पानगळ :
निळीशाई, विचार अगदी योग्य दिशेने आहे. चॅपेल, भिंत, दफन : तिन्ही धरून ठेवा. फक्त माणूस आणि गाव बदला.

आणि दुसऱ्या ओळीसाठी एक खूण : नाव घेतलं त्या दिवशी "तो" शेजारी उभा होता.

तिरकी_रेघ :
शेजारी उभा म्हणजे साक्षीदार. नाव घेण्याच्या वेळी साक्षीदार... लग्न नव्हे, लग्नात पुरुषाचं नाव बदलत नाही. बाप्तिस्मा! आणि शेजारी उभा राहणारा म्हणजे धर्मपिता. म्हणजे चित्रकार मोठेपणी ख्रिस्ती झाला, बाप्तिस्म्याचं नाव एखाद्या पूर्वसुरीचं घेतलं, आणि धर्मपिता शॅम्पेनवाला.

बाप्तिस्मा आणि शॅम्पेन एकत्र म्हटलं की गाव एकच येतं : रँस, इंग्रजी वळणाने रीम्स. राजा क्लोव्हिसचा बाप्तिस्मा संत रेमीने तिथेच केला, म्हणून फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक तिथल्या कॅथेड्रलमध्ये व्हायचे. आणि मम, रुइनार, तेतँजे, क्लिको, पायपर-हाइडसिक या सगळ्यांची तळघरं त्याच गावात.

रँस आणि चित्रकार : शागाल? कॅथेड्रलच्या मागच्या बाजूच्या चॅपेलमधल्या त्याच्या रंगीत काचा १९७४ च्या.

पानगळ :
गरम. शागाल नाही, तो सँ-पोल-द-वाँसला आहे, आणि जन्मभर ज्यूच राहिला. पण त्या काचा कोणी घडवल्या ते बघा. त्याच हातांनी आणखी एका जागेच्या काचा केल्या आहेत.

कुंचला :
शार्ल मार्क, रँसच्या सिमों कार्यशाळेचा. शागालचं काम त्याने काचेत उतरवलं. आणि त्याच्याच काचा असलेलं रँसमधलं दुसरं चॅपेल म्हणजे शांतीमातेचं चॅपेल, ज्याला सगळे फुजिता चॅपेल म्हणतात.

उत्तर : मी त्सुगुहारू फुजिता, तो मम घराण्याचा प्रमुख रेने लालू.

पानगळ :
पूर्ण बरोबर! तिरकी_रेघने बाप्तिस्मा ओळखला नसता तर अडकलं असतं, म्हणून श्रेय दोघांचं. आता प्रत्येक ओळ कशी बसते ते लिहा, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना पटेल.

कुंचला :
उलट्या क्रमाने घेतो, कारण पुरावा शेवटून पक्का होत जातो.

चौथी ओळ. चॅपेल रँसच्या शां-द-मार्स रस्त्यावर ममच्या वास्तूसमोरच आहे. जमीन ममची, खर्चाचा भार रेने लालूचा, वास्तुरचना मोरिस क्लोझिएची. फुजिता २९ जानेवारी १९६८ ला झुरिचला वारला, पण त्याचे अवशेष २००३ मध्ये या चॅपेलमध्ये आणले. पत्नी किमियो २००९ मध्ये गेली, तीही तिथेच. म्हणून कोड्यात "आता निजलोय" हा शब्द अचूक आहे. "मेल्यावर निजलो" लिहिलं असतं तर चूक ठरली असती.

तिसरी ओळ. १९६६ च्या उन्हाळ्यात, साधारण तीन महिन्यांत, त्याने आतल्या भिंती ओल्या गिलाव्यावर रंगवल्या. जन्म २७ नोव्हेंबर १८८६ चा, म्हणजे ऐंशीव्या वर्षात. वर सांगितलेली रोजची घाई, रोजचा नवा तुकडा, चुकीला क्षमा नाही, हे सगळं त्या वयात. ऑक्टोबर १९६६ मध्ये चॅपेल खुलं झालं आणि रँस शहराच्या हवाली केलं गेलं. भिंतीवर एके ठिकाणी मेरीमाता वाइनच्या पिंपावर बसलेली आहे, बाळाच्या हाती द्राक्षं, मागे रँसचं कॅथेड्रल आणि सँ रेमीची बासिलिका.

दुसरी ओळ. १९५९ मध्ये सँ रेमी बासिलिकात त्याला काही आध्यात्मिक अनुभव आला आणि १४ ऑक्टोबर १९५९ ला रँसच्या कॅथेड्रलमध्ये किमियोसह त्याने बाप्तिस्मा घेतला. धर्मपिता लालू. नाव घेतलं लेओनार, लेओनार्दो दा विंचीवरून. "नाव माझं, पण आधी दुसऱ्याचं."

पहिली ओळ. लालूसाठी त्याने एक गुलाब काढून दिला, १९५० च्या दशकातच. ममच्या रोझे, म्हणजे गुलाबी, शॅम्पेनच्या बाटलीवर, बुचाकडच्या भागात, तो लागला.

निळीशाई :
म्हणजे गालेचं फूलही जपानी आणि खरं उत्तरही जपानी चित्रकार. दोन्ही वेळा नाव समोर होतं.

द्राक्षवेल :
फूल रोझेवरच का, यावर थोडं. ममची ओळख म्हणजे लाल फीत, कॉर्दों रूज, १८७० च्या दशकातली. लेजिओं दोनर या सन्मानाच्या फितीवरून घेतलेली. त्या लेबलावर फुलाला जागाच नव्हती, फीत तिरकी आडवी सगळं लेबल व्यापते. रोझे वेगळी होती.

रोझे शॅम्पेन बनवायचे दोन मार्ग आहेत. काळ्या द्राक्षांची सालं रसात काही तास ठेवायची, किंवा तयार पांढऱ्या वाइनमध्ये त्याच प्रांतातली थोडी लाल वाइन मिसळायची. युरोपात पांढरी आणि लाल मिसळून रोझे करायला एरवी बंदी आहे, शाँपान्यला ती सूट आहे. बहुतेक घराणी दुसरा मार्ग घेतात, कारण दरवर्षी रंग सारखा ठेवता येतो. सालांच्या पद्धतीत एक-दोन तास इकडेतिकडे झाले की रंग कांद्याच्या सालीपासून डाळिंबापर्यंत कुठेही जातो.

तिरकी_रेघ :
एक आक्षेप. बाप्तिस्म्याला धर्ममाताही होती ना? आणि ती तेतँजे घराण्यातली, बेआत्रिस तेतँजे. मग "शॅम्पेन घराण्याचा माणूस शेजारी उभा होता" ही खूण दोघांना लागू पडते. एकाच बाप्तिस्म्यात दोन घराणी.

पानगळ :
आक्षेप योग्य आहे, आणि कोडं लिहिताना याच जागी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले होते. तीन गोष्टींनी तेतँजे बाद होतं. "तो" पुल्लिंगी आहे. "बाटली त्याची" म्हणताना फूल मम रोझेवर आहे. आणि "त्याच्याच दारासमोर" म्हणजे शां-द-मार्स रस्ता. तेतँजेची तळघरं सँ निकेज टेकडीकडे आहेत. पण फक्त माझी खूण वाचली तर दोन उत्तरं निघतात हे मान्य. खूण देताना "धर्मपिता" असा शब्द न वापरता "तो" म्हटलं, तेवढ्यावर भागलं.

निळीशाई :
शोधताना माझं आणखी एका जागी अडलं, ते इतरांच्या उपयोगाचं आहे. त्याचं आडनाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात. जपानी पद्धतीने "फु" हा एका स्वराने, फ्रेंच पद्धतीने दोन स्वरांनी. तो स्वतः फ्रान्समध्ये दुसरं वापरायचा. पहिल्या स्पेलिंगने शोधलं तर टॉर्नेडो वादळांची तीव्रता मोजणारा शास्त्रज्ञ फुजिता आधी येतो. आणि लेओनार हे नाव घालून शोधलं तर १९५९ नंतरचंच काम जास्त निघतं, पॅरिसच्या मोंपार्नास भागातले आधीचे दिवस मागे पडतात. पूर्ण चित्र हवं तर दोन्ही नावांनी शोधायला हवं.

सप्तपर्णी :
धागा आत्ताच वाचला. आडनावाविषयी एक भर. फुजि म्हणजे विस्टेरिया, ती जांभळ्या घोसांची वेल, आणि ता म्हणजे शेत. विस्टेरियाचं शेत. "फूल माझं" ही ओळ त्याच्या आडनावालाही लागते.

पानगळ :
हे लक्षात आलं नव्हतं! फार सुंदर.

तिरकी_रेघ :
कुंचला, एक विचारायचं आहे. फुजिता प्रसिद्ध झाला तो १९२० च्या दशकातल्या दुधाळ पांढऱ्या नग्न स्त्रीचित्रांमुळे आणि मांजरांमुळे. ती तेलरंगातली कॅनव्हासवरची कामं. मग म्हातारपणी ओल्या चुन्यावर काम करणं त्याला कसं जमलं? दोन्ही तंत्रं अगदी वेगळी नाहीत का?

कुंचला :
पदार्थ वेगळे, हात एकच. हे थोडं खोलात सांगतो, कारण फुजिताबद्दल बहुतेक लेखांत मांजरं आणि कपाळावर कापलेल्या केसांची झालर येते, तंत्र येत नाही.

त्याच्या पांढऱ्या चित्रांत काळी रेघ केसाइतकी बारीक आहे. ती त्याने जपानी बारीक कुंचल्याने पाण्यातल्या काळ्या शाईने काढलेली. अडचण अशी की तेलरंगाच्या पृष्ठभागावर पाण्याची शाई थांबत नाही, थेंब थेंब होऊन सरकते. तेल आणि पाणी. त्याने आयुष्यभर आपल्या पांढऱ्या रंगाची कृती कोणाला सांगितली नाही. चित्रांची तपासणी झाली तेव्हा त्यात टाल्क सापडलं, आपण पावडर म्हणून अंगाला लावतो तेच. टाल्कमुळे पृष्ठभागाची चकाकी जाते, तो किंचित शोषक होतो, आणि शाईची रेघ जिथे टेकवली तिथेच बसते. मऊ त्वचेसारखा तो पांढरा परिणाम आणि न फुटणारी रेघ, दोन्ही एकाच गोष्टीतून आलं.

आता शाईची रेघ पुसता येत नाही. ओल्या चुन्यावरची रेघही पुसता येत नाही. चाळीसहून जास्त वर्षं तो एकदाच ओढायच्या रेघेवर जगला होता. माझ्या मते म्हणूनच वयाच्या ऐंशीव्या वर्षात नवं तंत्र पेललं. वेग आणि शारीरिक कष्ट नवे होते, शिस्त नवी नव्हती.

आणि याआधी त्याने मोठ्या आकाराचं काम केलं होतंच. जपानमध्ये आकिता शहरात १९३७ मध्ये काढलेलं चित्र वीस मीटरहून लांब आहे. पण ते कॅनव्हासवर तेलरंगात आहे, म्हणून "ओली भिंत" ही ओळ आकिताकडे जात नाही. कोणी त्यावरून वाद घालू नये म्हणून लिहून ठेवतो.

सप्तपर्णी :
चॅपेलला "शांतीमाता" हे नाव का, याचाही संबंध त्याच्या आयुष्याशी आहे असं वाटतं. युद्धकाळात तो जपानमध्ये होता, सैन्यासाठी युद्धचित्रं काढली. युद्ध संपल्यावर त्यावरून त्याच्यावर मोठी टीका झाली. १९४९ मध्ये जपान सोडून तो आधी न्यूयॉर्कला आणि १९५० मध्ये फ्रान्सला आला, १९५५ मध्ये फ्रेंच नागरिक झाला. त्यानंतर बाप्तिस्मा, त्यानंतर शांतीचं चॅपेल. सालं ओळीने लावली की चॅपेलकडे बघायची नजर बदलते.

द्राक्षवेल :
आणि ममच्या बाजूनेही असाच एक दुवा आहे. घराणं १८२७ मध्ये कोलोनहून आलेल्या मम बंधूंनी स्थापन केलं. पिढ्यानपिढ्या रँसमध्ये राहूनही कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व घेतलं नव्हतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सगळी मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त झाली. १९२० मध्ये लिलाव झाला आणि त्यानंतरच्या नव्या व्यवस्थेत रेने लालू आला. जर्मन घराण्याच्या जप्त वास्तूसमोर जपानी माणसाने रंगवलेलं फ्रेंच चॅपेल, असं ते आहे.

पानगळ :
तुम्ही दोघांनी जे लिहिलं ते कोड्यात आणायचा मी प्रयत्न केला होता. पाचवी ओळ होती : "दोघांचीही घरं युद्धाने मोडलेली." काढून टाकली, कारण ती कोणालाही वगळत नव्हती. विसाव्या शतकातल्या निम्म्या युरोपला लागू पडली असती. ओळीने कोणीतरी बाद व्हायलाच हवं, नाहीतर ती कोड्यात कशाला?

त्याच न्यायाने पहिली ओळ थोडी बदलते आहे, म्हणजे पुढे कुठे वापरली तर गाले सुरुवातीलाच अडणार नाही : "गुलाब माझा, बाटली त्याची." अॅनिमोन तिथेच गळतं.

निळीशाई :
पण मग माने परत आत येतो, त्याच्या पेल्यात गुलाब आहेत!

पानगळ :
येऊ दे. तो पासीत निजलाय, चौथ्या ओळीत बाहेर जाईल. गालेसारखा जवळचा चकवा निघून गेला हे महत्त्वाचं.

कुंचला :
धागा संपायच्या आत माझं एक. उत्तर सोपं आहे, पण पुरावा द्या.

बाटलीतलीचं आणि माझं नाव सारखं ऐकू येतं.
ती फेसाळून गाजण्याआधी मी गेलो.
एकाच माणसाला तीन तोंडं दिली,
त्यातलं उजवीकडचं बरं, असं वर लिहिलेलंही आहे.

तिरकी_रेघ :
फिलिप द शाँपेन्य. पहिल्या ओळीत नाव आलंच; रोमन लिपीत वाइनच्या आणि त्याच्या नावात एका "आय"चाच फरक, देवनागरीत तर दोन्ही शॅम्पेन म्हणून खपून जातील. नाव कुटुंबाचं, वाइनशी त्याचा काही व्यवसाय नव्हता. जन्म ब्रुसेल्सला १६०२, मृत्यू पॅरिसला १६७४.

निळीशाई :
दुसरी ओळ मी घेते. दों पेरिन्यों हा मठवासी शाँपान्यमधल्या ओविलेच्या मठात १६६८ मध्ये आला. फेस त्याने शोधला ही दंतकथा. त्याची धडपड फेस टाळण्याचीच होती. तेव्हा शाँपान्यची वाइन म्हणजे मुख्यतः बिनफेसाची. बाटल्यांतून वाहतुकीची राजाची परवानगी १७२८ ची, रुइनार घराणं १७२९ चं. उडतं बूच दाखवणारं पहिलं प्रसिद्ध चित्र म्हणजे झाँ-फ्रान्स्वा द त्रॉयचं 'ऑयस्टरची मेजवानी', १७३५, शांतिईच्या संग्रहालयात. तारेची जाळी तेव्हा नव्हती, बूच सुतळीने बांधत. चित्रात काही जणांच्या माना उडालेल्या बुचाकडे वर वळल्या आहेत. फिलिप त्याआधी साठ वर्षं गेलेला.

तिरकी_रेघ :
आणि तीन तोंडं म्हणजे कार्डिनल रिशेलिएचं तिहेरी चित्र, १६४२ च्या सुमाराचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. मधे तोंड जवळपास समोर, दोन्ही बाजूंना बाजूचे चेहरे. रोममधल्या शिल्पकाराला प्रत्यक्ष माणूस न बघता अर्धपुतळा घडवता यावा म्हणून तिन्ही कोन एका कॅनव्हासवर. उजवीकडच्या चेहऱ्याच्या वर फ्रेंचमध्ये लिहिलं आहे की या दोन बाजूंपैकी ही जास्त चांगली.

कुंचला :
बरोबर. तो मजकूर बघायचा असेल तर चित्राचा मोठा फोटो उघडून उजव्या डोक्याच्या वरची जागा मोठी करा. अक्षरं फिकट आहेत, लहान फोटोत नुसता डाग वाटतो.